रोव्हर, ड्रोन आणि जमिनीची हद्द : ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, दिवा, घोडबंदर पट्टा आणि नवी मुंबईतले नोड इथले जमीनधारक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि या व्यवसायात नव्याने येणारी मुलेमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. मोजणीचा आकडा कुठून येतो आणि कुठे फसतो, हे समजावे हा हेतू आहे.

भूकरमापक आता काठीवरचे रोव्हर घेऊन येतात. ते नक्की काय मोजते?

जमिनीवरच्या एका बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि उंची. काठीच्या टोकावरचा रिसीव्हर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशा अनेक प्रणालींच्या उपग्रहांचे संदेश एकाच वेळी पकडतो. मोबाइलमधला जीपीएसही तेच करतो, पण उघड्या मैदानातसुद्धा तो तीन-पाच मीटर चुकतो. रोव्हरची चूक एक-दोन सेंटीमीटरवर येते, कारण ज्याची जागा आधीपासून पक्की माहीत आहे अशा दुसऱ्या रिसीव्हरकडून त्याला सतत दुरुस्ती मिळत असते. हा दुसरा रिसीव्हर म्हणजे ‘कॉर्स’ स्टेशन. महाराष्ट्रात अशी ७७ स्टेशने उभी आहेत आणि त्यांची दुरुस्ती सिमकार्डावरच्या इंटरनेटने रोव्हरपर्यंत पोहोचते. येऊरच्या आत किंवा पारसिकच्या डोंगराआड मोबाइलची रेंज गेली की स्वतःचे बेस स्टेशन लावून रेडिओवर काम करावे लागते.

हातातल्या कंट्रोलरवर ‘फिक्स’ (दुरुस्ती पक्की बसली) आणि ‘फ्लोट’ (अजून बसलेली नाही) असे दोन शब्द दिसतात. ‘फ्लोट’ असताना घेतलेला बिंदू अर्धा मीटरही चुकलेला असू शकतो. मोजणीला हजर असाल तर हा शब्द बघा आणि बिनदिक्कत विचारा. दुसरी गोष्ट काठीवरच्या बुडबुड्याची. दोन मीटरची काठी एक अंश जरी कलली, तरी वरचा रिसीव्हर साडेतीन सेंटीमीटर बाजूला जातो. नव्या रोव्हरमध्ये कल आपोआप सुधारण्याची सोय असते, पण ती सोय चालू आहे का आणि त्या दिवशी तपासली आहे का, हे बघावेच लागते.

यंत्र सेंटीमीटर दाखवते, मग माझ्या आणि शेजाऱ्याच्या हद्दीत दोन-तीन फुटांचा वाद का उरतो?

कारण काठी जिथे टेकवली त्या बिंदूची जागा यंत्र सांगते. हद्द कुठे आहे हे सांगतो अभिलेख : मूळ मोजणीचे टिपण (मोजमापांसह काढलेली आकृती), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब), पोटहिस्सा झाला असेल तर फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक (वाटणीचा नकाशा आणि त्याचा तक्ता), नंतरचे फेरफार आणि कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलांची नोंद). यांतले बरेच कागद रोव्हरच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधीचे आहेत.

आपल्याकडची मूळ मोजणी ३३ फुटी साखळीने झाली. त्या साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटीमीटरचा. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. ज्या टिपणात लांबी पुऱ्या आण्यात लिहिली आहे, तिथे त्या एका आकड्यातच फूटभर इकडेतिकडे असू शकते. त्यात साखळीचा झोल, उतारावर आडवी न धरलेली साखळी आणि कागदाचे आकुंचन यांची भर पडते. १:१०,००० प्रमाणाच्या गाव नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते. अशा रेघेला रोव्हरने दोन सेंटीमीटरची अचूकता देता येत नाही.

हद्द कायम करताना प्रत्यक्षात तीन टप्पे होतात. पहिल्यांदा आजची वहिवाट आणि सापडतील तेवढ्या जुन्या खुणा मोजतात : हद्दीचे दगड, जुने बांध, विहिरीचा काठ, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. मग टिपणावरून किंवा फाळणीवरून अभिलेखाची आकृती त्याच प्रमाणात काढतात. शेवटी ती आकृती जुन्या खुणांच्या आधारे वहिवाटीच्या नकाशावर बसवतात आणि जिथे दोन्ही रेषा जुळत नाहीत तो फरक दाखवतात.

सगळा निकाल या तिसऱ्या टप्प्यावर ठरतो. आधाराला कोणत्या खुणा धरल्या यावर रेषा इकडची तिकडे जाते, म्हणून एकाच टिपणावरून दोन प्रामाणिक मोजणीदारांच्या दोन वेगळ्या रेषा निघू शकतात. किमान तीन खुणा हव्यात, आणि त्या तुमच्या जमिनीच्या चहूबाजूंना हव्यात. एकाच बाजूच्या तीन खुणांवर बसवलेली आकृती दुसऱ्या टोकाला सहज मीटरभर फिरते. संगणकावर ही आकृती बसवताना मोह होतो तो चारही कोपरे जुळेपर्यंत नकाशा रबरासारखा ताणण्याचा. हे करू नये. सरकवणे, फिरवणे आणि सर्व बाजूंनी सारखेच प्रमाण बदलणे एवढीच मुभा ठेवावी, आणि प्रत्येक खुणेवर किती फरक उरला ते नकाशावर लिहावे. ठाण्यात अडचण अशी की जुने दगड रस्त्याखाली, भरावाखाली किंवा कुणाच्या तरी कंपाउंडच्या पायात गेलेले आहेत. अशा वेळी लगतच्या दोन-तीन सर्व्हे नंबरांचे अभिलेख मागवून मोठा गट एकत्र बसवणे हाच खात्रीचा मार्ग. तो वेळखाऊ आहे. तरीही वादाची जमीन असेल तर त्याचाच आग्रह धरा.

मोजणीला अर्ज करण्याआधी काय तयारी करावी?

अर्ज ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन होतो आणि तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, घणसोली हे ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे पनवेल तालुक्यात आणि द्रोणागिरी उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. इथे गफलत झाली की अर्ज परत येतो.

सोबत ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागते. सर्व सहधारकांची आणि लगतधारकांची नावे-पत्ते द्यावे लागतात. मोजणी रखडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लगतधारकाचा चुकीचा पत्ता : नोटीस पोहोचत नाही, तो हरकत घेतो आणि तारीख पुढे जाते. मोजणीच्या दिवसाआधी हद्दीवरचे गवत-झुडूप काढून ठेवा, जुने दगड माहीत असतील तर उकरून दिसते करा, आणि गावातल्या जाणत्या माणसाला हजर ठेवा. अर्जात मोजणीचा प्रकारही नीट निवडा. हद्द कायम, पोटहिस्सा, बिनशेती यांचे नकाशे वेगळ्या कामाचे असतात आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या नव्या ‘क’ प्रतीवर अक्षांश-रेखांश येतात. त्याचा मला काय उपयोग?

मोठा. दगड हलला, चोरीला गेला किंवा भरावाखाली गेला, तरी तोच बिंदू त्याच जागी पुन्हा उभा करता येतो. पूर्वी यासाठी अख्खी मोजणी पुन्हा करावी लागे. त्या आकड्यांसोबत प्रणालीचे नाव हवे. ठाणे-नवी मुंबईसाठी ते डब्ल्यूजीएस ८४ (पृथ्वीच्या आकाराचे उपग्रहांनी वापरलेले गणिती रूप) आणि यूटीएम झोन ४३ उत्तर (सपाट नकाशावरची मीटरची चौकट) असे असते. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे त्या आकाराच्या जुन्या रूपावर आहेत, आणि त्या आकड्यांना नवे समजून वापरले तर आपल्या भागात बिंदू शंभरेक मीटर सरकतो. एवढी मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते, त्यामुळे ती फारशी टिकत नाही.

यूटीएमच्या नकाशावर मोजलेले अंतर आणि फितीने मोजलेले अंतर जुळत नाही. कोण चुकले?

कोणीच नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतर थोडे बदलते. झोन ४३ ची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ठाणे तिच्या दोनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला. त्यामुळे ठाण्यात यूटीएमवरचा एक किलोमीटर जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा सुमारे १६ सेंटीमीटर जास्त भरतो, बेलापूरला सुमारे १३. सोसायटीच्या प्लॉटला याने काही बिघडत नाही : दोन हजार चौरस मीटरमागे फरक पाऊण चौरस मीटरहून कमी. रस्ता, जलवाहिनी, उड्डाणपूल यांच्या आखणीत मात्र पाच किलोमीटरमागे पाऊण मीटर उभा राहतो. गर्डरची लांबी यूटीएमवरून काढून कारखान्यात कळवली तर जागेवर ती बसत नाही. अशा कामांत सुरुवातीलाच जमिनीच्या प्रमाणाची स्थानिक ग्रिड ठरवून तिचा गुणक प्रत्येक नकाशावर छापावा.

टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकत्र मोजणारे यंत्र, आता अडगळीत जाणार का?

नाही, आणि ठाण्यात तर मुळीच नाही. रोव्हरला उघडे आकाश लागते. घोडबंदर रस्त्यालगतचे टॉवर, नौपाड्यातल्या गल्ल्या, वाशीतल्या जुन्या वसाहतींमधली झाडे, सगळीकडे उपग्रहांचे संदेश भिंतींवर आणि काचांवर आपटून मग रिसीव्हरपर्यंत येतात. अशा जागी ‘फिक्स’ दिसूनही बिंदू दहा-वीस सेंटीमीटर चुकलेला असतो. हा खोटा फिक्स सर्वांत घातक, कारण पडद्यावर त्याची काहीच खूण नसते. ओळखायचा मार्ग एकच : तोच बिंदू तास-दोन तासांनी, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर पुन्हा घ्यायचा. दोन वेळचे आकडे दोन-तीन सेंटीमीटरच्या आत जुळले तर तो ठेवायचा.

दुपारी आणि सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशावर आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) जास्त खवळलेले असते. सौरडाग वाढलेल्या वर्षांत तर दुपारी रोव्हर मिनिटामिनिटाला ‘फ्लोट’वर येतो. नियंत्रण बिंदू, म्हणजे बाकीची मोजणी ज्यांच्या आधारे होते ते पक्के बिंदू, सकाळी उरकून घ्यावेत.

म्हणून रूढ पद्धत अशी : मोकळ्या जागी, गच्चीवर किंवा मैदानात, रोव्हरने एकमेकांना दिसणाऱ्या बिंदूंच्या जोड्या पक्क्या करायच्या आणि तिथून टोटल स्टेशनने आत शिरायचे. इथे एक चूक वारंवार होते. यंत्राची दिशा ठरवायला धरलेला मागचा बिंदू, म्हणजे बॅकसाइट, फार जवळ घेतात. बॅकसाइट दहा मीटरवर आणि त्यात पाच मिलिमीटरची चूक असेल, तर शंभर मीटरवरचा तपशील पाच सेंटीमीटर फिरतो. बॅकसाइट नेहमी मोजायच्या बिंदूंपेक्षा लांबचा घ्या. पाच सेकंदांच्या यंत्राची स्वतःची कोनाची चूक शंभर मीटरवर अडीच मिलिमीटरसुद्धा नसते, तेव्हा दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही. दुसरी चूक प्रिझमच्या, म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेच्या, स्थिरांकाची : एका कंपनीचे प्रिझम दुसऱ्या कंपनीच्या यंत्राबरोबर वापरले आणि स्थिरांक बदलला नाही, की प्रत्येक अंतरात तीस-पस्तीस मिलिमीटर कमी किंवा जास्त येतात. सगळ्या अंतरांत सारखीच चूक असल्यामुळे ती सहज नजरेस येत नाही. दिवसाची सुरुवात फितीने मोजलेल्या वीस मीटरच्या अंतराने केली की ही चूक तिथल्या तिथे सापडते.

महाभूनकाशावर (गाव नकाशांच्या सरकारी संकेतस्थळावर) किंवा उपग्रह चित्रावर माझी हद्द दिसते. ती पुराव्याला चालेल का?

नाही. ती शोधण्यासाठी आहे, ठरवण्यासाठी नाही. स्कॅन केलेले गाव नकाशे उपग्रह चित्रावर बसवताना काही ठिकाणी दहा-पंधरा मीटरही सरकलेले दिसतात, आणि उपग्रह चित्रही स्वतः थोडे सरकलेले असू शकते. तुमचा सर्व्हे नंबर कोणत्या बाजूला आहे, रस्ता लागतो का, नाला कुठून जातो, एवढे बघायला ते उत्तम. त्यावरून खांब रोवू नका.

खासगी सर्व्हेअरचा नकाशा कायद्याने ग्राह्य आहे का?

कशासाठी हवा आहे त्यावर अवलंबून. वास्तुविशारदाला लागणारा स्थलदर्शक नकाशा, उंच-सखल पातळ्या, झाडांची नोंद, रस्त्याची आखणी ही कामे खासगी सर्व्हेअरच करतात आणि त्यांत तो हवाच. भारत सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भूस्थानिक माहितीची मार्गदर्शक तत्त्वे आणली, तेव्हापासून भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना बारीक अचूकतेचे नकाशे तयार करायला वेगळा परवाना लागत नाही. पण दोन धारकांमधली हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ठरते आणि तिचे प्रमाणित नकाशे भूमी अभिलेख विभागाकडूनच मिळतात. विकत घेताना आधी खासगी सर्व्हे करून फरक दिसतो का ते बघावे आणि दिसला तर व्यवहारापूर्वी सरकारी मोजणी मागावी.

पुनर्विकासात आमच्या प्लॉटचे तीन वेगळे क्षेत्रफळ निघाले. कोणते धरणार?

सर्वांत कमी असलेले. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतल्या अर्जात प्लॉटच्या क्षेत्रफळाचे तीन रकाने आहेत : मालकीच्या कागदावरचे, मोजणी नकाशाचे आणि जागेवरचे. तिन्हींपैकी कमीत कमी आकड्यावर पुढचा हिशेब चालतो. म्हणून फरकाचे कारण विकासकाच्या निविदेआधी शोधले पाहिजे.

सर्वाधिक दिसणारी कारणे साधी आहेत. कंपाउंडची भिंत हद्दीच्या आत बांधलेली असते. रस्ता रुंदीत पट्टा गेलेला असतो, पण मालमत्ता पत्रकावर कमी झालेला नसतो. नाल्याच्या बाजूची भिंत पडून दोन मीटर आत नवी उभी राहते. आणि एक कारण सगळ्यांच्या नजरेतून निसटते : सर्व्हे भिंतीच्या आतल्या अंगाने केला की बाहेरच्या. समजा प्लॉट ४० मीटर बाय ५० मीटर आहे आणि भिंत २३ सेंटीमीटरची. परिघ १८० मीटर. आतल्या अंगाने मोजले तर एवढ्यानेच सुमारे ४१ चौरस मीटर कमी भरतात, आणि ते पुढे चटईक्षेत्र निर्देशांकाने (एफएसआय) गुणले जातात. सर्व्हेअरला लेखी विचारा : रेषा भिंतीच्या कोणत्या अंगाची, आणि भिंत कोणाच्या मालकीची. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे) झाले नसेल तर हे क्षेत्रफळ आधी पक्के करून घ्या, कारण आदेशात आलेला आकडा नंतर दुरुस्त करायला फार यातायात पडते.

नवी मुंबईत सिडकोच्या प्लॉटला सातबारावरून मोजणी होते का?

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्यानंतर संपादित जमिनींवर नवे रेखांकन झाले, त्यामुळे नोडमधल्या प्लॉटची हद्द भाडेपट्ट्याच्या करारासोबतच्या नकाशावरून आणि रेखांकनातल्या सीमांकनावरून ठरते. जुने सर्व्हे नंबर मालकीचा इतिहास बघायला लागतात. साडेबारा टक्क्यांच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ धारकांना मिळणाऱ्या) प्लॉटमध्ये ताबा घेतानाच चारही कोपऱ्यांचे आकडे लेखी मागा आणि स्वतः रोव्हरने तपासून घ्या. शेजारच्या प्लॉटचे बांधकाम आधी झाले असेल तर त्याची भिंत अर्धा मीटर पुढे आहे का, हे ताबा घेण्यापूर्वी कळलेले बरे.

ड्रोनने मोजणी करायला परवानगी लागते का?

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे प्रत्येक ड्रोनला ओळख क्रमांक लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, दोन किलोपर्यंतचे मायक्रो, २५ किलोपर्यंतचे स्मॉल असे वर्ग आहेत. मोजणीचे ड्रोन मायक्रो किंवा स्मॉल असतात आणि व्यावसायिक कामाला दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. आकाश हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत वाटलेले आहे. हिरव्यात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी नको. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरमध्ये ही मर्यादा ६० मीटरवर येते, आणि त्याहून जवळ कोणत्याही उंचीला परवानगी घ्यावी लागते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे उलवे, बेलापूर, खारघर, पनवेल परिसरात पूर्वी सहज होणारी कामे आता परवानगीशिवाय करता येत नाहीत. तुर्भ्याच्या खाडीपलीकडे अणुसंशोधन केंद्र आहे, उरणकडे बंदर आणि नौदल. पट्टे बदलतात, म्हणून प्रत्येक कामाच्या सकाळी डिजिटल स्काय (या पट्ट्यांचा सरकारी ऑनलाइन) नकाशा उघडून बघा. मागच्या महिन्यात चालले म्हणून आज चालेल, असे धरू नका. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवले की जागेवर होणारी अर्धी विचारपूस टळते.

ड्रोनच्या नकाशाची अचूकता किती? गावठाणातल्या घरांसाठी तो पुरेसा आहे का?

एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याने ७५ मीटरवरून उडवले तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे दोन सेंटीमीटर भरतो. आडवी चूक साधारण पिक्सेलच्या दीड-दोनपट, उंचीची तिपटीपर्यंत. हे तेव्हाच, जेव्हा पुढच्या दिशेने ७५-८० टक्के आणि बाजूने ६५-७० टक्के फोटो एकमेकांवर चढलेले असतात आणि जमिनीवर नियंत्रण बिंदू असतात. वीसेक हेक्टरला किमान पाच : चार कोपऱ्यांत, एक मध्ये. उंच-सखल जागेत टेकडीवर आणि खोलगटात वाढीव. खूण ६० सेंटीमीटरची काळी-पांढरी, रोव्हरने दोनदा मोजलेली. यांशिवाय चार-पाच तपासणी बिंदू असे ठेवा की जे संगणकाच्या गणितात वापरलेलेच नाहीत. अचूकतेचा अहवाल या बिंदूंवरचाच मागा. नियंत्रण बिंदूंवरचा फरक नेहमीच छान दिसतो, कारण गणित त्यांनाच धरून केलेले असते.

गावठाणाचा प्रश्न नाजूक आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनने गावठाणे मोजायला सुरुवात केली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. शहरांसाठी १८ फेब्रुवारी २०२५ रोजी १५२ नगरांमध्ये ‘नक्शा’ हा प्रायोगिक कार्यक्रम आला. ड्रोनला वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. आपल्या आगरी-कोळी गावांत पावसासाठी पत्र्याची पडवी भिंतीच्या दोन-तीन फूट बाहेर काढलेली असते, दोन घरांची छपरे एकमेकांना टेकलेली असतात आणि मधली सामाईक बोळ चित्रात दिसतच नाही. छपराच्या कडेला मालकीची रेषा समजले तर बोळ कागदावरून नाहीशी होते. म्हणून छपराखाली फितीने किंवा टोटल स्टेशनने भिंती मोजून चित्र दुरुस्त करणे, आणि प्रत्येक घरधारकाला समक्ष उभे करून हद्द दाखवून घेणे, हे टाळता येत नाही. चौकशीच्या दिवशी घरी थांबा. हरकत घ्यायची मुदत गेल्यावर हीच दुरुस्ती अवघड होते.

पावसाळ्यात हे काम करू नका. जूनपासून ढग आणि वारा, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरुषभर गवत, ज्याची शेंडीच जमीन म्हणून मोजली जाते. दिवाळीनंतर ते मे हा हंगाम, सकाळी दहा ते दोन, सावल्या आखूड असताना. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो.

झाडीखालची जमीन लायडारने मिळते म्हणतात. खारफुटीत चालेल का?

लायडार म्हणजे वरून लेझर किरण सोडून अंतर मोजणे. त्याचे किरण पानांमधल्या फटींतून खाली जातात. येऊरसारख्या जंगलात त्याने जमिनीच्या पातळ्या बऱ्यापैकी मिळतात. दाट खारफुटीत फटी कमी आणि खाली ओला चिखल, जो किरण शोषून घेतो. ओहोटीची वेळ साधून उडवले तरी हाताने घेतलेल्या पातळ्यांनी तपासणी करावीच लागते.

खाडीकाठच्या जमिनीत मोठा प्रश्न पातळीपेक्षा रेषेचा असतो. किनारा नियमन क्षेत्रातली भरतीरेषा अधिकृत संस्थेने आखलेली असावी लागते. प्रकल्पासाठी ती १:४,००० प्रमाणाच्या नकाशावर येते. हजार चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा असतो. आपल्या सर्व्हेअरने काढलेली भरतीरेषा तिथे चालणार नाही, कितीही अचूक असली तरी.

रोव्हरने आमच्या अंगणाची उंची उणे साठच्या आसपास दाखवली. आम्ही समुद्राखाली आहोत का?

नाही. उपग्रह गणितातल्या गुळगुळीत गोलाभापासून उंची सांगतात. खऱ्या समुद्रसपाटीचा पृष्ठभाग आपल्या किनाऱ्यावर त्या गोलाभाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. दोहोंतला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या प्रतिमानातून, म्हणजे जिऑइड मॉडेलमधून मिळतो. मॉडेल बदलले की उंची बदलते, म्हणून अहवालात त्याचे नाव हवे.

जोत्याची पातळी, पावसाळी गटाराचा उतार, तळघराचा पंप यांसाठी रोव्हरच्या उंचीवर विसंबू नका. ३०० मीटरच्या गटाराला १:५०० उतार म्हणजे एकूण साठ सेंटीमीटर. त्यात रोव्हरची तीन-चार सेंटीमीटरची चूक पाणी साचायला पुरेशी आहे. पक्क्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या खुणेवरून) ऑटो लेव्हलने, म्हणजे पातळी मोजायच्या दुर्बिणीने, पातळी आणा आणि परत जाऊन त्याच बेंचमार्कवर बंद करा. नवी मुंबईत भरावाच्या जमिनी अजून खचत आहेत, कारण खाली खाडीची मऊ माती आहे. फुटपाथवर रोवलेला बेंचमार्क दोन पावसाळ्यांत खाली गेलेला असू शकतो. तो पाइलवर उभ्या असलेल्या पुलाच्या खांबावर किंवा डोंगरबाजूच्या खडकावर घ्या. खाडीतले काम असेल तर सागरी नकाशाची शून्य पातळी मुंबईत सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे, हे ठेकेदाराला लेखी कळवा.

खोदण्याआधी जमिनीखालच्या नळ्या-केबल यंत्राने सापडतील का?

काही सापडतील. विजेची केबल आणि लोखंडी नळी विद्युतचुंबकीय लोकेटरने मिळते. प्लास्टिकची पाण्याची नळी आणि घरगुती गॅसची पॉलिथिलीन नळी त्याला दिसत नाही. त्यासाठी भूभेदी रडार वापरतात. कोरड्या मुरमात ते दोन-तीन मीटर बघते, पण खारट ओल्या चिकणमातीत संदेश विरतो आणि मीटरभरही खोली मिळणे कठीण जाते. ऐरोली ते बेलापूर खाडीकडच्या पट्ट्यात हेच होते. रडारचा अहवाल ‘काही आढळले नाही’ म्हणत असेल तर किती खोलीपर्यंत दिसत होते, हे विचारा. शंकेच्या जागी हाताने चाचणी खड्डा घ्या.

सर्व्हेअरकडून काम संपल्यावर काय काय मागावे?

छापील नकाशा पुरेसा नाही. ऑटोकॅडची फाइल, सर्व बिंदूंच्या आकड्यांची यादी, नियंत्रण बिंदूंचे फोटो आणि वर्णन, वापरलेली प्रणाली व जिऑइड, यंत्राचा कॅलिब्रेशन दाखला आणि तपासणी बिंदूंवरचा फरक मागा. रोव्हरची कच्ची नोंद मागितली तर ‘फ्लोट’वर घेतलेले बिंदू पकडता येतात. हे सगळे कार्यादेशातच लिहा, नंतर कोणी देत नाही. प्लॉटवर किमान दोन नियंत्रण बिंदू काँक्रीटमध्ये कायम बसवून घ्या, म्हणजे पुढचा सर्व्हेअर तिथूनच सुरू करेल.

सरकारी मोजणीचा निकाल मान्य नसेल तर?

मोजणीच्या वेळीच हरकत लेखी नोंदवा. ‘सही करणार नाही’ एवढे म्हणून निघून जाऊ नका, कारण मग तुमचे म्हणणे नोंदीत येत नाही. त्यानंतर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो, ज्यात वरिष्ठ अधिकारी तीच हद्द पुन्हा तपासतो. अर्जात ‘मोजणी चुकीची आहे’ असे मोघम न लिहिता कोणती खूण धरली, कोणती सोडली, कोणता अभिलेख बघितला नाही, हे मुद्देसूद मांडा.

दोन माणसे रोव्हर घेऊन चार जणांचे काम करतात. मग मुलांनी या व्यवसायात यावे का?

यावे. साखळी ओढणाऱ्याचे, फळी उचलणाऱ्याचे काम कमी झाले हे खरे आहे. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना नवे शिकवण्याची जबाबदारी ठेकेदारांनी आणि कार्यालयांनी घेतली पाहिजे. जमिनीवर घालवायचा वेळ घटला, तसा टेबलावरचा वाढला : अभिलेख वाचणे, प्रणाली जुळवणे, चूक शोधणे. ही माणसे आज कमी पडतात.

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड किंवा स्थापत्य पदविका ही नेहमीची वाट. भूकरमापक पदासाठीही हीच पात्रता मागितली जाते. त्यासोबत क्यूजीआयएस ही नकाशांची संगणकप्रणाली शिका, ती मोफत आहे. ऑटोकॅड येऊ द्या. लघुतम वर्गांचे गणित (जादा मोजमापांतून कमीत कमी चुकीचे उत्तर काढण्याची रीत) हाताने एकदा तरी सोडवा, म्हणजे संगणक काय करतो ते कळेल. आणि मोडी वाचायला शिका. ठाणे जिल्ह्यातले जुने कागद मोडीत सापडतात आणि ते वाचू शकणारा तरुण सर्व्हेअर क्वचितच भेटतो. ड्रोनचे प्रमाणपत्र नंतर घेतले तरी चालते.